'अमेरिकन इडियट' अस्सल की उसना?

ग्रीन डे या तिघांच्या अमेरिकन पंक बँडचा 'अमेरिकन इडियट' हा अल्बम सप्टेंबर 2004 मध्ये आला. वीस वर्षं उलटली तरी त्याच्यावरचं भांडण मिटलेलं नाही. एक जण म्हणतो, पंकमध्ये, म्हणजे रॉकच्या त्या वेगवान, साध्या, बंडखोर शैलीत, असं आधी कुणी केलंच नव्हतं. दुसरा म्हणतो, सगळं 'द हू' या जुन्या ब्रिटिश रॉक बँडकडून उचललंय. तिसरा नुसतं ओएसिस या ब्रिटिश बँडच्या 'वंडरवॉल' गाण्याचं नाव घेतो आणि हाताची घडी घालून बसतो, जणू निकाल लागला. चौथ्याच्या मते खरा ग्रीन डे 1994 च्या 'डूकी' या अल्बमपाशीच संपला, पुढचं सगळं टीव्हीसाठी. मार्च 2025 मध्ये हा बँड लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिल्यांदा वाजवून गेला. शाळकरी वयात ज्यांनी ही गाणी पाठ केली होती, ते आता तिशी-पस्तिशीचे आहेत आणि तितक्याच तावातावाने भांडतात.

मला हा अल्बम फार आवडतो, म्हणूनच हे भांडण नीट सोडवून बघावंसं वाटतं. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फक्त 'नवं' आणि 'उचललेलं' हे शब्द प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीला लावतोय. कुणी कॉर्डबद्दल, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीबद्दल बोलतंय, कुणी अल्बमच्या रचनेबद्दल, कुणी बँडच्या हेतूबद्दल. या गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या की बरंच काही स्पष्ट दिसायला लागतं.

आधी पॉप-पंक म्हणजे काय ते थोडक्यात. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडचा पहिला अल्बम आला: 14 गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. लांबलचक गिटार सोलो नाहीत, तीन-चार कॉर्ड, धावता ठेका, आणि वर साठीच्या दशकातल्या पॉप गाण्यांसारखी पटकन ओठांवर बसणारी चाल. इंग्लंडमध्ये बझकॉक्स, कॅलिफोर्नियात डिसेंडन्ट्स यांनी तोच मार्ग पुढे नेला. ग्रीन डेचे बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडच्या गावातले शाळकरी मित्र. ड्रमवर ट्रे कूल 1990 मध्ये आला आणि तिघांचा संच पक्का झाला.

या शैलीतल्या गिटारवर बहुतेक वेळा पूर्ण कॉर्ड वाजतच नाही. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला, खरखरीत असतो, आणि अशा आवाजात सा-ग-प एकत्र वाजवले तर सगळं गढूळ होतं. म्हणून गंधार काढून टाकतात, नुसते सा आणि प ठेवतात. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. हाताची एकच ठेवण गिटारच्या मानेवर खालीवर सरकवायची, झालं. शिकायला सोपं, ऐकायला दणदणीत. पण त्यामुळे पर्याय किती कमी उरतात ते बघा. एक गिटार, एक बेस, एक ड्रमसेट, प्रत्येक कॉर्डमध्ये दोनच सूर, आणि तीन मिनिटांत गाणं संपवायचं. अशा तंग जागेत दोन गाणी एकमेकांसारखी वाटणारच. 'डूकी'मधलं 'बास्केट केस' घ्या. त्याच्या कॉर्डचे पाये, म्हणजे प्रत्येक कॉर्ड ज्या सुरावर उभी असते ते सूर, क्रमाने सा, प, ध, ग, म, सा असे जातात. सतराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार पाखेलबेलच्या प्रसिद्ध 'कॅनन'चे पहिले सहा पाये नेमके हेच आहेत. पाखेलबेल 1706 मध्ये वारला, त्यामुळे तक्रार करायला कुणी आलं नाही. आणि 'बास्केट केस' ऐकताना तो कुणाला आठवतही नाही, कारण गाण्याची घाई आणि घाबरलेल्या माणसाचा सूर हे दोन्ही पूर्णपणे बिली जोचे आहेत.

आता 'वंडरवॉल'. इथे मात्र सावकाश जायला हवं, कारण उचलेगिरीचा सगळ्यात मोठा आरोप हाच आहे.

ओएसिसचं 'वंडरवॉल' 1995 चं. ग्रीन डेचं 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' 2004 च्या अखेरीस स्वतंत्रपणे बाजारात आलं. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या पार्टी बेन या डीजेने ही दोन गाणी एकमेकांवर चढवून एक तिसरंच गाणं तयार केलं. त्यात ट्रॅव्हिस या स्कॉटिश बँडचं 1999 चं 'रायटिंग टू रीच यू'सुद्धा होतं. सगळं इतकं चपखल बसलं की ते रेडिओवर गाजलं आणि लोकांच्या डोक्यात शंका पक्की झाली. 2006 मध्ये ओएसिसच्या नोएल गॅलॅगरने उघड तक्रार केली की ग्रीन डेने आपलं गाणं चोरलं. प्रकरण कोर्टात काही गेलं नाही.

पेटी समोर असेल तर हे स्वतः करून बघता येतं. 'बुलेव्हार्ड'चा सा पाश्चात्त्य एफ, म्हणजे आपली काळी तीन धरली तर तिच्या आधीची पांढरी. 'वंडरवॉल'चा सा बरोबर काळी तीन, म्हणजे फक्त अर्ध्या सुराने वर. दोन्ही गाण्यांच्या कडव्यात चार कॉर्ड आहेत आणि त्यांचे पाये क्रमाने असे: सा, कोमल ग, कोमल नि, म. मग पुन्हा सा. प्रत्येक कॉर्डला दोन-दोन मात्रा. लयही जवळजवळ सारखी. म्हणजे पाये तेच, क्रम तोच, वेळ तितकाच. योगायोग म्हणा किंवा प्रभाव, साम्य खरं आहे. 'काहीच संबंध नाही' असं म्हणणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत नाही.

पण पायांच्या वर काय आहे तेही ऐका. 'बुलेव्हार्ड'मध्ये चारही कॉर्ड साध्या, पूर्ण आहेत. पहिलीत सा, कोमल ग, प. दुसरीत कोमल ग, प, कोमल नि. तिसरीत कोमल नि, रे, म. चौथीत म, शुद्ध ध, सा. सगळे सूर एकत्र मांडले तर सरळ काफी थाट होतो. 'वंडरवॉल' वाजवताना मात्र गिटारवाल्याची दोन बोटं वरच्या दोन तारांवर एकाच जागी रोवलेली असतात आणि चारही कॉर्ड संपेपर्यंत हलतच नाहीत. त्या तारांवर कोमल नि आणि कोमल ग सतत वाजत राहतात. परिणामी चौथ्या कॉर्डमध्ये धैवत येतच नाही, ना शुद्ध ना कोमल. त्यामुळेच त्या गाण्याला तो अधांतरी, न सुटणारा रंग आहे. 'बुलेव्हार्ड'मध्ये तोच चौथा कॉर्ड शुद्ध धैवतामुळे एकदम उघडतो, उजळतो.

पुढे ध्रुवपदात तर दोघांच्या वाटाच वेगळ्या होतात. 'बुलेव्हार्ड'चं ध्रुवपद कोमल धैवतावर उभं राहतं, तिथून कोमल ग, कोमल नि आणि मग सा. म्हणजे कडव्यात जो धैवत शुद्ध होता तोच इथे कोमल झाला. एकट्याने चालणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते, आणि ध्रुवपदात काळोख दाटून आल्यासारखा वाटतो तो या एका सुरामुळे. 'वंडरवॉल'चं ध्रुवपदही कोमल धैवतावरूनच निघतं, पण लगेच सा आणि कोमल ग यांच्यात झुलत राहतं, पुढे सरकत नाही. गाण्याची चाल म्हणाल तर कडव्यातही ती वेगळी आहे. ओएसिसचा गायक शब्द भराभर, ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे टाकत जातो. बिली जो छोटं वाक्य म्हणतो, थांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत थरथरणारी गिटार ऐकू येते.

कॉर्डचा क्रम म्हणजे चाल नव्हे. काफी थाट कुणाच्या मालकीचा नाही, आणि चार कॉर्डचा हा क्रमही नाही. ट्रॅव्हिसच्या फ्रॅन हीलीने तर आपण कॉर्ड 'वंडरवॉल'वरून घेतल्याचं मोकळेपणाने सांगितलं, आणि त्या गाण्याच्या शब्दांतही तसा उल्लेख घातला. खुद्द ओएसिसची बाजूही फार भक्कम नाही. 'वंडरवॉल' हे नाव बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या 1968 च्या अल्बमवरून आलं. त्यांच्या 'व्हॉटएव्हर' या गाण्याच्या श्रेयात नील इनिस या संगीतकाराचं नाव जोडावं लागलं, कारण चाल त्याच्या गाण्याशी जुळत होती. 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' हे शीर्षकही जुनंच: 1933 मध्ये याच नावाचं एक अमेरिकन गाणं होतं, आणि 1984 मध्ये गॉटफ्रीड हेल्नवाइन या चित्रकाराने याच नावाचं चित्र काढलं, तेही एडवर्ड हॉपरच्या 1942 च्या 'नाइटहॉक्स' या चित्रावर बेतलेलं.

कायदा यात कुठे उभा आहे, हे बऱ्याच श्रोत्यांना ठाऊक नसतं. अमेरिकेत गाण्याचे शब्द आणि चाल यांना कॉपीराइटचं संरक्षण मिळतं, नुसत्या सर्रास वापरातल्या कॉर्डच्या क्रमाला सहसा मिळत नाही. 2015 मध्ये 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याच्या खटल्यात ज्युरीने मार्विन गे या दिवंगत गायकाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा संगीतकारांचे धाबे दणाणले. त्यांना वाटलं, आता नुसता ठेका आणि माहोल सारखा असला तरी दंड होणार. पण 2023 मध्ये एड शीरन या गायकावरच्या खटल्यात, जिथे वाद मुख्यतः चार कॉर्डच्या क्रमावरच होता, ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. 'बुलेव्हार्ड'सारखं प्रकरण कोर्टात टिकलं असतं असं मला वाटत नाही.

याचा अर्थ ग्रीन डेवरचे सगळेच आरोप पोकळ आहेत असा नाही. त्यांच्याच 2000 च्या 'वॉर्निंग' अल्बममधलं शीर्षकगीत ऐका आणि लगेच द किंक्स या ब्रिटिश बँडचं 1968 चं 'पिक्चर बुक' ऐका. तिथे कॉर्ड नव्हे, मुख्य गिटारची ओळच जवळजवळ तीच आहे. प्रामाणिक श्रोत्याने भांडायचंच असेल तर ते 'वॉर्निंग'वर भांडावं. त्या गाण्याच्या बचावाला मी उभा राहणार नाही.

आता रचनेकडे येऊ. 'द हू'ने 1966 मध्येच एका नऊ मिनिटांच्या गाण्यात छोटे-छोटे भाग जोडून पूर्ण गोष्ट सांगितली होती. मग 1969 मध्ये 'टॉमी' आणि 1973 मध्ये 'क्वाड्रोफेनिया' हे सबंध अल्बमभर एकच कथा सांगणारे रॉक ऑपेरा केले. 'अमेरिकन इडियट'मध्ये उपनगरातला एक कंटाळलेला पोरगा स्वतःला 'जीझस ऑफ सबर्बिया' म्हणवतो, घर सोडून शहरात जातो, तिथे त्याला सेंट जिमी नावाचा बेफाम माणूस भेटतो, एक मुलगी भेटते, आणि अखेरीस तो रिकाम्या हाताने परततो. सांगाडा 'द हू'चा आहे हे ग्रीन डेने कधी लपवलं नाही. पुढे त्यांनी 1966 चं ते गाणं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रितही केलं.

'पंकमध्ये आधी कुणी केलंच नव्हतं' म्हणणाऱ्यांनी मात्र हस्कर डू ऐकायलाच हवा. मिनियापोलिसचा हाही तिघांचाच बँड. 1984 मध्ये, म्हणजे 'अमेरिकन इडियट'च्या बरोबर वीस वर्षं आधी, त्यांनी 'झेन आर्केड' हा दुहेरी अल्बम काढला. त्यातही घर सोडून गेलेला मुलगा, त्यातही शहर, त्यातही मोडलेलं स्वप्न. ग्रीन डेला तो माहीत नसणं शक्यच नाही. त्यांनी हस्कर डूचं एक गाणं स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं आहे. म्हणजे तिघांचा पंक बँड, एक कथा, घर सोडणारा पोर, हे सगळं तयार होतं. 'पहिला' हा मान ग्रीन डेला देता येत नाही.

मग त्यांचं स्वतःचं काय? त्यासाठी अल्बम कसा झाला ते बघावं लागतं. 2003 मध्ये 'सिगारेट्स अँड व्हॅलेंटाइन्स' नावाचा अल्बम जवळपास पूर्ण झाला होता आणि त्याच्या मूळ टेप स्टुडिओतून चोरीला गेल्या. निर्माता रॉब कव्हालोने विचारलं की ही खरंच तुमची सर्वोत्तम गाणी होती का. तिघांनाही होकार देता आला नाही. पुन्हा सगळं वाजवण्याऐवजी त्यांनी नव्याने सुरुवात केली. ओकलंडच्या स्टुडिओत एकदा माइक डर्न्ट एकटाच होता. त्याने अर्ध्या मिनिटाचं एक गाणं करून ठेवलं. मग बिली जोने आपला तुकडा जोडला, मग ट्रे कूलने. गमतीत सुरू झालेली ही साखळी वाढत गेली आणि तिचं 'होमकमिंग' झालं, नऊ मिनिटांचं, पाच भागांचं. त्यातला एक भाग डर्न्ट गातो, एक ट्रे कूलने लिहिला आणि गायला. तिथून त्यांना कळलं की तीन मिनिटांच्या चौकटीबाहेर आपण जाऊ शकतो.

'टॉमी'ला एका लेखकाचा आराखडा आहे. इथे मात्र तिघांनी एकमेकांना चिथवत तुकडे जोडले, आणि ते सांधे ऐकू येतात. 'जीझस ऑफ सबर्बिया' हे 9 मिनिटं 8 सेकंदांचं गाणं ऐकताना प्रत्येक भाग आधीच्याला अक्षरशः ढकलून पुढे येतो. पहिला भाग ऐसपैस, ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीची आठवण करून देणारा. दुसरा पियानोवर हळूच सुरू होऊन सामूहिक घोषणेसारखा फुगतो. तिसऱ्यात एकच ओळ रागाने पुन्हा पुन्हा आदळते. चौथ्यात अचानक आवाज खाली येतो, जणू पोरगा मानसोपचारतज्ज्ञासमोर बसलाय. पाचव्यात तो घरातून निघतो. यातला कुठलाही एक भाग वेगळा काढला तर तो आधी कुठेतरी ऐकल्यासारखा वाटेल. पण रमोन्सच्या घाईने हे पाच भाग एकापाठोपाठ एक, श्वास न घेता, एकाच माणसाच्या तोंडून येतात, तसं मी आधी कुठे ऐकलेलं नाही. हस्कर डूच्या अल्बममध्ये गोष्ट आहे, पण ती धुक्यातून दिसते. तिथे आवाज जास्त, पात्रं कमी. ग्रीन डेने पात्रांना नावं दिली, चेहरे दिले, आणि लाखो मुलांना त्यांचं गाणं मोठ्याने म्हणता येईल अशी चाल दिली.

वेळही लक्षात घ्या. मार्च 2003 मध्ये इराकवर हल्ला झाला. नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. मधल्या सप्टेंबरमध्ये हा अल्बम आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. ग्रीन डेच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं होतं. युद्धाविरुद्ध गाणारे पंक बँड तेव्हा बरेच होते, पण ते आधीच पटलेल्या श्रोत्यांसमोर गात होते. इथे टीव्हीला चिकटलेल्या घरातल्या पोराची गोष्ट त्याच टीव्हीवर लागत होती. 'टीव्हीसाठी केलं' ही तक्रार करणाऱ्यांना मी हेच सांगतो की ते बोलणं त्याच पडद्यावरून व्हायला हवं होतं.

ही तक्रार तशी जुनीच. बर्कलीच्या 924 गिलमन स्ट्रीट या सामूहिक पद्धतीने चालणाऱ्या क्लबमध्ये ग्रीन डे मोठा झाला. तिथे मोठ्या कंपन्यांच्या बँडला मज्जाव होता. 'डूकी'साठी ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला आणि ते दार बंद झालं. थेट 2015 मध्ये, एका मदतनिधी कार्यक्रमासाठी, बँड पुन्हा तिथे वाजला. त्या क्लबच्या लोकांचा राग मला समजतो, त्यांनी ती जागा घामाने उभी केली होती. पण तो राग करारावरचा आहे. संगीत नवं की जुनं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. या दोन तक्रारी एकत्र केल्या की वाद हमखास भरकटतो.

अल्बमभर सगळीच गाणी तितकीच ताकदीची आहेत असं मी म्हणणार नाही. 'शी इज अ रिबेल' हे ग्रीन डेने आधी दहा वेळा केलेलं गाणं अकराव्यांदा केल्यासारखं आहे. 'एक्स्ट्राऑर्डिनरी गर्ल'च्या सुरुवातीला ट्रे कूल तबला वाजवतो, कान टवकारतात, आणि मग तबला गायब होऊन नेहमीचं गाणं सुरू होतं. ती कल्पना पुढे नेली असती तर मजा आली असती. 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स'मध्ये नवी कॉर्ड एकही नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. बिली जोचे वडील 1982 च्या सप्टेंबरमध्ये कर्करोगाने गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. बावीस वर्षांनी त्याने ते गाणं बाहेर काढलं आणि एका बनावट पात्राच्या गोष्टीत ठेवून दिलं. एखादं गाणं शंभर टक्के एका माणसाचं असण्यासाठी त्यातला प्रत्येक सूर नवा असावा लागत नाही, हे मला त्या गाण्यातून पटलं.

'द हू' आणि हस्कर डू ऐकूनही 'अमेरिकन इडियट' नकलीच वाटला, तर ते मत मी मान्य करीन. त्या माणसाने सांगाडा ओळखलाय आणि त्याला तेवढं पुरेसं वाटत नाही. 'वंडरवॉल'चं नाव घेऊन हात झटकणाऱ्याला मात्र मी त्याच संध्याकाळी 'होमकमिंग' लावून देईन, पूर्ण नऊ मिनिटं, आणि ट्रे कूलचा तुकडा आला की आवाज वाढवीन.